विंडोज ११ चं अपग्रेड पुन्हा पुन्हा मागे फिरतंय? फायली न गमावता दुरुस्ती

लक्षणं

अपग्रेड तासभर चालतं, संगणक दोन-तीनदा रीस्टार्ट होतो, टक्केवारी पुढे सरकते आणि मग केलेले बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो. थोड्या वेळाने जुनं विंडोज १० होतं तसं समोर उभं राहतं. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा तेच. या दुखण्याची ओळखीची रूपं अशी:

- जागा कमी असल्याचा संदेश, सोबत ८००७००७० हा कोड.
- सी१९००१०१ हा कोड आणि त्यामागे डॅश देऊन आणखी एक छोटा कोड. हे सगळ्यात जास्त आढळतं.
- हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही, असं सुरुवातीलाच सांगितलं जातं.
- 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन' अपडेट करता आलं नाही, अशी तक्रार.
- सेटअपमध्ये 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय फिकट दिसतो, निवडता येत नाही.
- रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.
- अपग्रेड पूर्ण होतं, पण डेस्कटॉप रिकामा आणि डॉक्युमेंट्स गायब.

(प्रत्येक कोडची सुरुवात शून्य आणि एक्स अशी असते. ती सगळीकडे सारखीच, म्हणून इथे पुढचा भागच दिला आहे. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत कराव्या लागतील.)

शेवटचं लक्षण पाहून माणूस सर्वांत जास्त घाबरतो, पण बहुतेक वेळा फायली डिस्कवरच असतात. विंडोजचं अपग्रेड स्वतःहून फायली सहसा खात नाही. अर्ध्यात बिघडलं तर मागे फिरण्याची सोय त्यात आहे आणि ती बहुतेक वेळा नीट चालते. फायली जातात त्या अपग्रेड अडकल्यावर घाईत घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून कोड दिसल्या दिसल्या पुढच्या चार गोष्टी करू नका. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'इन्स्टॉल' दाबू नका. कुठलंही पार्टिशन फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, 'क्लिअर' करू नका. आणि 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं, जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर पुसू नका.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि तो उघडून पाहिलेला

डी ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक घरगुती संगणकांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात; डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क घ्या. किती जागा लागेल ते पाहायला सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर प्रत्येकाचं फोल्डर मोजा.

नुसते डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स उचलून भागत नाही. ब्राउझरचे बुकमार्क, स्टिकी नोट्स, आउटलुकच्या काही मेल फायली 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असतात. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगितल्याशिवाय ते दिसत नाही. काही हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा 'प्रोग्रॅमडेटा'त ठेवतात. त्या सॉफ्टवेअरमधूनच त्याचा बॅकअप काढावा. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी फायली असतील तर ते फाँटही सोबत घ्या. फाँट नसला की मजकूर शाबूत असूनही निरर्थक अक्षरं दिसतात आणि फाइल बिघडली असा समज होतो.

मोठं फोल्डर एक्सप्लोररने ओढून कॉपी केलं की मध्येच एखाद्या उघड्या फाइलवर अडतं. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रोबोकॉपी' ही कमांड वापरा: आधी मूळ जागा, मग नवी जागा, आणि पुढे /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१. यातलं /एक्सजे महत्त्वाचं. अ‍ॅपडेटामध्ये काही फोल्डर प्रत्यक्षात दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारे असतात. ते वगळले नाहीत तर कॉपी गोल गोल फिरत राहते. /एमआयआर हा पर्याय मात्र टाळा, तो नव्या जागी असलेल्या जास्तीच्या फायली पुसतो.

वनड्राइव्ह चालू असेल तर फायलींच्या शेजारची खूण बघा. ढगाची खूण असलेली फाइल डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा.

कॉपी झाली की दोन्हीकडची फायलींची संख्या ताडून पाहा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फायली शक्यतो दुसऱ्या संगणकावर उघडा. फोटो, व्हिडिओ, एक्सेल, पीडीएफ, सगळं. मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा. अपग्रेड चालू असताना ती जोडलेली नको.

आणखी एक गोष्ट कागदावर हवीच: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की. 'आपण बिटलॉकर कधी लावलाच नाही' असं पुष्कळांना वाटतं, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' दिलं की एन्क्रिप्शन चालू असल्यास की दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर डिव्हाइसच्या यादीतही ती मिळते. फोटो काढून त्याच संगणकावर ठेवला तर उपयोग शून्य.

आता तपासण्या, सोप्यापासून

तारीख, वेळ आणि चार्जर

घड्याळ मागे पडलं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटतं आणि अपडेट उतरतच नाही. प्रत्येक वेळी बंद करून चालू केल्यावर तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. तो बहुधा सीआर२०३२ असतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच काम करा. अपग्रेडच्या मध्यात वीज जाणं हे मोजक्या खरोखर धोकादायक प्रसंगांपैकी एक आहे.

जागा

८००७००७० चा अर्थ सरळ आहे: जागा कमी. किमान २० जीबी मोकळी लागते, पण सी ड्राइव्हवर ३० ते ४० जीबी असेल तर काम निर्धास्त होतं. कारण काही वेळ डिस्कवर तिन्ही गोष्टी एकत्र राहतात: उतरवलेल्या फायली, नवं विंडोज आणि परतीसाठी ठेवलेलं जुनं विंडोज.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोअरेज, टेम्पररी फाइल्स इथून साफसफाई करा, पण यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. त्यावर खूण केलीत तर डाउनलोड्स फोल्डर रिकामं होतं, आणि रिसायकल बिनमध्येही काही राहत नाही. फायली हरवण्याची ही एक अगदी नेहमीची वाट आहे. ती खूण काढा. आणखी जागा हवी असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. हायबरनेशनची फाइल जाते आणि काही जीबी सुटतात. अपग्रेडनंतर 'ऑन' देऊन ती परत आणता येते.

जोडलेली उपकरणं

कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळं काढा: प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब, कार्ड रीडरमधलं कार्ड, ब्लूटूथचा डोंगल. सेटअप प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नव्या विंडोजमध्ये नेतो. एक जुना ड्रायव्हर अडला की अख्खं अपग्रेड मागे फिरतं. फुकट होणारी ही तपासणी सी१९००१०१ च्या कितीतरी तक्रारी मिटवते, म्हणून वगळू नका.

बाहेरचा अँटिव्हायरस आणि व्हीपीएन

'काही वेळ बंद' करून पुरत नाही, अनइन्स्टॉलच करा. यांचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतात आणि बंद केल्यावरही लोड होतातच. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपलं उत्पादन पूर्ण काढण्यासाठी स्वतंत्र साधन देतात, ते वापरा. तेवढ्यापुरता विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. संगणक 'वेगवान' करणारी, रजिस्ट्री 'स्वच्छ' करणारी सॉफ्टवेअरही याच वेळी काढून टाका.

पात्रता

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा, ते नेमकं काय कमी आहे ते सांगतं. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, टीपीएम २.०, सिक्युअर बूट चालेल असं यूईएफआय (बायोसचं नवं रूप) आणि यादीतला ६४-बिट प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे.

टीपीएम नसल्याचं सांगितलं तर नवा भाग विकत घेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा ते प्रोसेसरमध्येच असतं आणि बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते 'पीटीटी' या नावाने सापडतं, एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने. ते फक्त 'एनेबल' करा. शेजारीच 'क्लिअर' असेल, त्याला हात लावू नका: एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली टीपीएममध्ये असते, ती पुसली की ४८ अंकांशिवाय डिस्क उघडत नाही. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

प्रोसेसरच यादीत नसेल तर इथे थांबा. तपासणी चुकवण्याच्या युक्त्या फिरतात, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. कामाच्या फायली असलेल्या संगणकावर युक्ती लढवण्यापेक्षा त्या योजनेत नाव नोंदवून नव्या संगणकाची तयारी करणं शहाणपणाचं.

डिस्कची तब्येत

पुढच्या सगळ्या दुरुस्त्या डिस्कवर भरपूर वाचन-लेखन करतात, म्हणून ही तपासणी त्यांच्या आधी. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन चालवा. 'गुड' असेल तर पुढे जा. 'कॉशन' किंवा 'बॅड' असेल तर अपग्रेडचा विषय तिथेच बंद. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. त्यांच्या मूळ आकड्यांचा रकाना शून्य असायला हवा. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. तिथे आकडा दिसला आणि बॅकअप अजून झालेला नसेल तर आधी सर्वांत मोलाच्या फायली काढा. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' (सीएचकेडीएसके) दुरुस्तीसाठी चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

विंडोजच्या स्वतःच्या फायली

डिस्क ठणठणीत आहे हे कळल्यावर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये याच क्रमाने:

- सीएचकेडीएसके सी: /स्कॅन
- डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ
- एसएफसी /स्कॅननाऊ

क्रमाला कारण आहे. एसएफसी बिघडलेल्या फायलींच्या जागी विंडोजच्या साठ्यातल्या चांगल्या प्रती ठेवतं. तो साठाच खराब असेल तर त्याला ठेवायला काही उरत नाही, म्हणून डीआयएसएमने आधी साठा दुरुस्त करायचा. डीआयएसएमची टक्केवारी मध्येच बराच वेळ अडकल्यासारखी दिसते, खिडकी बंद करू नका. ८००७३७१२ हा कोड आला असेल तर बहुधा इथेच सुटतो.

ड्रायव्हर, आणि कोडचा दुसरा भाग

सी१९००१०१ एवढंच म्हणजे 'कुठलातरी ड्रायव्हर'. खरी माहिती डॅशनंतरच्या भागात असते. त्याचा पहिला आकडा सांगतो की अपग्रेड कुठल्या टप्प्यावर पडलं. १ म्हणजे अजून जुनं विंडोज चालू असताना, २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतरच्या छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये, ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उठताना, ४ म्हणजे दुसऱ्यांदा उठताना. २००१७ आला तर डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि बायोसची आवृत्ती आधी पाहा. ३००१८ आला तर ग्राफिक्स, वायफाय, ध्वनी यांचे ड्रायव्हर. संदेशात 'मायग्रेट डेटा' असे शब्द असतील तर एखाद्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये गडबड आहे. जुन्या, न वापरलेल्या खात्यांपासून शोध सुरू करा, आणि खातं काढण्याआधी त्यातल्या फायली बाहेर घ्या.

अंदाज बांधण्यापेक्षा नोंदी वाचा. सी ड्राइव्हवर विंडोज, लॉग्ज, सेटअपडायग या फोल्डरात निकालाची फाइल तयार झालेली असते. नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'सेटअपडायग' उतरवून चालवता येतं. बऱ्याचदा त्यात अडणाऱ्या ड्रायव्हरचं किंवा अ‍ॅपचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी साधनं या कामी वापरू नका, ती चुकीचा ड्रायव्हर बसवून नवा घोळ घालतात.

आयएसओ फाइलने, पण विंडोजच्या आतून

विंडोज अपडेटमधून जमत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क सामावलेली एकच फाइल) उतरवा. विंडोज १० चालू असतानाच तिच्यावर डबल क्लिक करा, ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते, आणि आतलं 'सेटअप' चालवा. पुढे अपडेट आत्ता उतरवायची नाहीत असं निवडा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' वर खूण आहे ना, ते शेवटच्या पानावर पुन्हा वाचा.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला तर हा पर्याय मिळत नाही, आणि बहुतेक मोठं नुकसान याच फरकामुळे होतं. २४एच२ च्या पेनड्राइव्हवर तर सगळ्या फायली, अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज पुसल्या जातील हे मान्य असल्याची चौकट भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. लोक ती चौकट नेहमीच्या अटी-शर्ती समजून भरतात.

'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' फिकट दिसत असेल तर बहुधा आयएसओची भाषा किंवा आवृत्ती बसवलेल्या विंडोजशी जुळत नाही. यूएस इंग्लिश आणि इंटरनॅशनल इंग्लिश यांतला फरकही इथे पुरतो. जुनं विंडोज ३२-बिट असेल तर असं अपग्रेड होतच नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. तिथे बॅकअप घेऊन नव्याने बसवणं एवढाच मार्ग.

पार्टिशन: हा टप्पा शेवटचाच

'सिस्टिम रिझर्व्ह्ड' भरल्याची तक्रार असेल तर त्या छोट्या पार्टिशनमध्ये साधारण १५ एमबी मोकळी हवी असते. जीपीटी डिस्कवर (जीपीटी आणि जुनी एमबीआर या डिस्कचे भाग नोंदवण्याच्या दोन पद्धती) 'माउंटव्हॉल वाय: /एस' दिलं की ते वाय ड्राइव्ह म्हणून जोडलं जातं. त्यात ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फाँट्स या वाटेवर जाऊन फक्त फाँटच्या फायली पुसायच्या. त्या बूटच्या पडद्यावरच्या अक्षरांपुरत्या असतात. शेजारची दुसरी एकही फाइल गेली तर संगणक सुरू होणार नाही.

संगणक अजून जुन्या 'लेगसी' बायोसमध्ये असेल ('सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' ही ओळ पाहा) तर डिस्क एमबीआरमधून जीपीटीमध्ये न्यावी लागते. 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस' ही कमांड फक्त तपासते, काही बदलत नाही. ती यशस्वी झाली तरच /व्हॅलिडेटच्या जागी /कन्व्हर्ट द्या, आणि लगेच बायोसमध्ये यूईएफआय निवडा. डिस्कवर तीनहून जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा लॉजिकल ड्राइव्ह असतील तर तपासणीच नापास होते. मग पार्टिशन पुसून जागा करण्याच्या फंदात एकट्याने पडू नका.

अपग्रेड झालं, पण फायली दिसत नाहीत

आधी संगणक एकदा रीस्टार्ट करून पुन्हा लॉगिन करा. कधीकधी विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये उघडतं. त्यात ठेवलेली प्रत्येक फाइल लॉगआउट होताच जाते, म्हणून तिथे काही काम करू नका. मग सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये आपलं फोल्डर पाहा, त्यानंतर त्यातलं 'वनड्राइव्ह' आणि त्याच्या आतलं 'डेस्कटॉप'. नव्या सेटअपनंतर वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे वळवून घेतले असतील तर फायली जुन्या जागी असतात आणि पडद्यावर नवी रिकामी जागा दिसते. तिथेही नसतील तर 'विंडोज डॉट ओल्ड'मधलं 'यूजर्स'.

हे फोल्डर १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मागे फिरण्याची सोयही तेवढेच दिवस असते. पहिल्याच दिवशी 'डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' दिलं तर मुदत ६० दिवस होते. नवी जागा लागली म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर खूण करण्याआधी सगळ्यांच्या फायली मिळाल्याची खात्री करा.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल तर संगणक बंद करा, पुन्हा चालू करून पाहू नका. चालू राहिलेला प्रत्येक मिनिट फिरत्या डिस्कच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढवू शकतो. ड्राइव्ह 'रॉ' दिसतोय (म्हणजे त्यातली रचना विंडोजला ओळखता येत नाही), किंवा फॉरमॅट करायचं का असं विंडोज विचारतंय, तर 'नाही' म्हणा आणि थांबा. चुकून फॉरमॅट झालं असेल तर त्याच क्षणी बंद करा. एसएसडीमध्ये पुसलेली जागा 'ट्रिम'मुळे लवकर रिकामी होते, म्हणून तिथे वेळ आणखी कमी. फायली परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवणं म्हणजे उरलेल्या फायलींवर लिहिणं. या सगळ्यात नेहमीच्या दुरुस्तीवाल्याऐवजी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा.

४८ अंकी की कुठेच मिळत नसेल तर ती कोणी 'फोडून' देईल या आशेवर पैसे घालवू नका. घरातल्या प्रत्येकाचं मायक्रोसॉफ्ट खातं, आणि संगणक नोकरीच्या किंवा शाळेच्या खात्याला जोडला असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. एन्क्रिप्शन नीट असेल तर दुसरी वाट नाही.

बाकी बाबतीत, वरच्या तपासण्या ओळीने करूनही तिसऱ्यांदा तोच कोड आला तर व्यावसायिकाकडे द्या. सोबत एका कागदावर पूर्ण कोड (डॅशनंतरच्या भागासह), केलेल्या तपासण्या, संगणकाचं मॉडेल आणि बिटलॉकर चालू आहे की नाही ते लिहा. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहा: डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. बॅकअपची डिस्क मात्र घरीच ठेवा.